छापून आलेली खोटी बोटं

संपादक मॅडमचा फोन आला तेव्हा मी मातीचे नमुने चाळत होते. सांगलीत माती-पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत मी नोकरी करते. शेतकरी पिशवीतून माती आणून देतात. ती वाळवायची, कुटायची, चाळायची, मग पुढचं सगळं. हात धुळीनं माखलेले होते म्हणून फोन कोपरानंच स्पीकरवर टाकला, आणि माझी पहिली विज्ञानकथा संग्रहात घेतल्याची बातमी माझ्याबरोबर अख्ख्या प्रयोगशाळेनं ऐकली.

"गोष्ट घेतोय आम्ही," मॅडम म्हणाल्या. "पण एक अट आहे."

अट कळायला आधी गोष्ट कळायला हवी. म्हसवडच्या जत्रेत जनावरांचा बाजार भरतो. माझ्या गोष्टीत त्या बाजारात एक परका गिऱ्हाईक येतो. अंगभर घोंगडी, तोंडाला मफलर. थंडीचे दिवस, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. एका खिलार बैलाचा सौदा सुरू होतो. दलाल टॉवेलाखाली त्या गिऱ्हाइकाचा हात धरतो आणि जागच्या जागी गार पडतो, कारण त्या एका हाताला सात बोटं आहेत. पुढं कळतं की त्याला बैल नकोच आहे. विकलेला बैल कधी कधी दावं तोडतो आणि कितीतरी कोसांवरून आपल्या जुन्या गोठ्यात परत येतो. ती वाटेची आठवण त्याला विकत हवी आहे. त्याची माणसं आपल्या ग्रहाची वाट विसरून गेली आहेत.

ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांना टॉवेलाचं सांगायला हवं. आमच्याकडं बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकतो, त्याखाली घेणाऱ्याची बोटं धरतो, आणि आकडा बोटं दाबून सांगितला जातो. मग तसाच विकणाऱ्याचा हात धरतो. भोवती माणसं उभी असतात, त्यांना नुसता टॉवेल हललेला दिसतो. तोंडानं त्या वेळी भलतंच चाललेलं असतं. "न्हाई बाबा, जमायचं न्हाई." "आरं, देवाला भिऊन बोल." पाऊस, पोराचं लग्न, चाऱ्याचा भाव. खरं बोलणं टॉवेलाखाली.

मॅडमची अट अशी होती. "बोटांचा नियम तुम्ही गोष्टीत दिलेलाच नाही. कुठलं बोट धरलं म्हणजे किती, हे वाचकाला आधी समजलं पाहिजे. पाच बोटांचा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का बसला, तरच सातवं बोट आल्यावर तो हादरेल. नाहीतर ती नुसती जास्तीची दोन बोटं राहतात. एवढा एक परिच्छेद घाला आणि महिनाअखेरपर्यंत पाठवा. त्याशिवाय गोष्ट उभी राहत नाही, आणि तशी ती मला घेता येणार नाही."

मला ते लगेच पटलं. पटलं म्हणूनच पंचाईत झाली.

नियम मला माहीत नव्हता अशातला भाग नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, जन्मभर या बाजारात दलाली करत आले. मी लहान असताना ते अंगणात बसून टॉवेलाखाली माझी बोटं दाबायचे आणि मी आकडा ओळखायचा. बेरीज मी पाटीवर शिकले त्याच्या आधी आबांच्या तळहातावर शिकले. हे धंद्याबाहेर कुणाला शिकवत नाहीत. पण मुलगी काही बाजारात जाणार नाही, हिला शिकवण्यात धोका नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्यांचा अंदाज तसा चुकला नाही. मी बाजारात गेले नाही, कॉलेजात गेले. आमच्या घरात आणि आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सांगते, पुन्हा पुन्हा सांगते, आणि ऐकून ज्यांचं तोंड वाकडं होतं त्यांच्यासाठी आवाज जरा चढवून सांगते.

तर नियम न विचारता लिहून टाकता आला असता. आबांना वाचता येतं, पण ते पंचांग आणि एसटीच्या पाट्या वाचतात. विज्ञानकथांचा संग्रह त्यांच्या हाती कोण देणार होतं? तरी ते मनाला बरं वाटेना. त्यांच्या हातातली गोष्ट होती, त्यांना विचारायला हवी होती. रविवारी विट्यात एसटी बदलून घरी गेले.

अंगणात आबा बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. शेजारी चाचा बसले होते, नवी वेसण वळत. चाचा म्हणजे आबांचे बाजारातले जोडीदार. मिशा फुटायच्या आधीपासून दोघं एकत्र बाजार करतात, आणि चाचांच्या समोर बोलायचं नाही असं आमच्या घरात काही नाही.

"पुस्तकात गोष्ट येणार म्हनं तुजी," चाचा म्हणाले. "चंद्रावर माणसं गेल्याली का?"

"न्हाई चाचा. तिकडची माणसं म्हसवडात आल्यात."

"कशाला मरायला? हितं जत्रंत आमाला दावण बांधायला जागा मिळंना."

मी गोष्ट सांगितली. दोघांनी मन लावून ऐकली. सात बोटांपाशी आबांचा तेलाचा हात थांबला.

"सात बोटं म्हंजी त्यो दलालाला गंडवणार," आबा म्हणाले.

"तुला गंडवायला सात कशाला लागत्यात, गड्या?" चाचा म्हणाले. "खरसुंडीच्या बाजारात त्या म्हाताऱ्यानं दोन बोटात गंडवला हुता."

"त्यो म्हातारा माझा सोयरा हुता. मी गंडवून घेतलं."

"व्हय व्हय. लय उपकार केलंस त्येच्यावर."

हसणं ओसरल्यावर मी मॅडमची अट सांगितली. कुठलं बोट म्हणजे किती, हे पुस्तकात छापावं लागेल म्हणाले. चाचांनी वेसण मांडीवर ठेवली. आबांनी शिंगावरून फडकं फिरवलं, दुसऱ्या शिंगावरून फिरवलं, मग म्हणाले, "न्हाई."

"आबा, आवं..."

"गोष्ट लिव्ह. सात बोटं कर, सतरा कर. आपल्या बोटांचं लिवायचं न्हाई."

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हणाले, "आता टावेल टाकणारं हाय कोण? ती नवी पोरं मोबाईलवर आकडा काढत्यात आन गिऱ्हाइकाच्या तोंडाफुडं धरत्यात. तुमी दोघं हाय तवर हाय. तुमच्या मागं..." एवढं बोलून थांबले.

"आमी मेल्यावर कुणाला म्हाईत ऱ्हायचं न्हाई, आसंच ना?" चाचा म्हणाले. "बोल की. आमी मरणार हाय हे आमाला म्हाईत हाय."

"आसंच," मी म्हणाले. "आन दुसरं. टावेलाखाली सगळं काय देवाचं काम चालत न्हाई. घेणाऱ्याला एक आकडा, विकणाऱ्याला दुसरा. मधलं कुठं जातं ते मला कळतं. त्यावरच मी शिकले."

हे जरा जास्तच झालं असं मला बोलता बोलताच वाटलं. पण आबा चिडले नाहीत.

"जातं," ते म्हणाले. "न्हाई म्हनलं का मी? पर येक ध्येनात घे. मानूस बैल घेऊन दावणीला हुबा ऱ्हातो तवा त्येच्या गावची चार मानसं भवती आसत्यात. त्येचा बैल कितीला गेला ते घरात सांगायचं का न्हाई, भावाला सांगायचं का न्हाई, त्येचं त्यो बघंल. त्येला किती नड हाय ते हातात कळतं. हात गार आसतोय, घामानं वला आसतोय. ते मला कळतं, भवतीच्यास्नी न्हाई. ह्यो मानूस उघडं करायचा न्हाई, म्हणून चार तालुक्यातली लोकं माज्या हातात हात देत्यात. उद्या पुस्तकात आलं, आन कुणाच्या पोरीनं लिवलं म्हणून माजं नाव निघालं, मग मी बाजारात टावेल टाकायचा कुठल्या तोंडानं?"

"मग माझी गोष्ट जाईल, आबा. त्या घेणार न्हाईत."

"जाऊ दे की. दुसरी लिव्ह."

दुसरी लिही म्हणजे काय, शेंगा निवडायच्या आहेत का? ही एक नासकी निघाली, टाकली, दुसरी घेतली? या गोष्टीसाठी मी वर्षभर पहाटे उठत होते. आईनं वाढलेली भाकरी तशीच अर्धी टाकून मी दुपारच्या गाडीनं निघाले. स्टँडवर सोडायला चाचा आले. त्यांनी माझी पिशवी गाडीत ठेवली आणि एवढंच म्हणाले, "त्येच्याकडं दुसरं काय हाय गं, पोरी? जमीन हाय का शिक्षान हाय? हात हाय."

सांगलीला आल्यावर मी खरा नियम लिहून पाहिला. चार-पाच ओळींतच झाला. मॅडम म्हणत होत्या ते शंभर टक्के बरोबर होतं. तेवढा परिच्छेद घातल्याबरोबर गोष्ट ताठ उभी राहिली. सातव्या बोटापाशी आता मलाच धक्का बसत होता. मी ती फाईल रोज उघडायची, वाचायची, आपल्याच लिहिण्यावर खूश व्हायची आणि न पाठवता बंद करायची. चाचांचं वाक्य मधे यायचं. आणि रागही यायचा, की हे सगळं माझ्याच वाट्याला का? ज्यांचे वडील बँकेत होते ते बँकेबद्दल लिहितात, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत नमुना आला की पिशवीवरचं शेतकऱ्याचं नाव काढून तिला खुणेचा आकडा देतात. तपासणाऱ्याला माती दिसते, ती कुणाची ते कळत नाही. हे मी इतकी वर्षं करत होते आणि त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नव्हतं. एके दिवशी आकडा चिकटवता चिकटवता मनात आलं की नाव झाकून माती खरी तपासता येते, तर नियम झाकून गोष्ट खरी का लिहिता येऊ नये? मॅडमना नियम हवा होता. तो बाजारातलाच हवा असं त्या म्हणाल्या नव्हत्या. मी विज्ञानकथा लिहीत होते. सात बोटांचा माणूस रचला, त्याचा ग्रह रचला, मग पाच बोटांचा नियम रचायला कुणी हात धरला होता?

वाटलं तेवढं सोपं ते निघालं नाही. खोटा नियम पोकळ असून चालत नाही. त्यानं पाच बोटांत कुठलाही आकडा सांगता आला पाहिजे, वाचकाला एका दमात कळला पाहिजे, सात बोटांवर नेमका मोडला पाहिजे, आणि आबांच्या नियमाशी कुठंच जुळता कामा नये. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. काहीही रचायला घेतलं की हात आपोआप खऱ्याकडं वळायचा. अंगठ्याचं काम बदललं तर करंगळी जुन्या सवयीनं आपल्या जागेवर जाऊन बसायची. शेवटी मी बोटांऐवजी पेरं मोजायला घेतली आणि अंगठ्याला फक्त पुढं-मागं सरकण्याचं काम दिलं, तेव्हा कुठं ते परकं वाटायला लागलं.

परकं वाटलं तरी चालतं का ते बघायला हवं होतं. मिरजेची एक मैत्रीण माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. जेवणाच्या सुट्टीत तिला नियम समजावला, तिच्या ओढणीखाली हात धरला आणि तिच्या डब्यातल्या भरल्या वांग्यांचा सौदा सुरू केला.

"किती म्हणतेस?" ती म्हणाली.

"तोंडानं नाही बोलायचं. बोटानं सांग."

तिनं पेरं दाबली. मी दाबली. तिनं पुन्हा दाबली.

"अगं, ही वांगी आहेत," मी म्हणाले. "प्लॉट नाही."

"मग तूच चुकीचं शिकवलंस. तोंडानं बोलायचं नाही म्हणालीस ना? आता तूच बोलतेस."

तेवढ्यात आमचे साहेब दारात आले. ओढणीखाली दोघींचे हात बघून म्हणाले, "काय चाललंय?"

"वांग्याचा भाव ठरवतोय, सर," ती म्हणाली. साहेब आल्या पावली परत गेले. आम्ही सौदा पुरा केला. दोनदा आकडा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला. नियम चालत होता. हात धुताना तिनं विचारलं, "बाजारात खरंच असं करतात?"

"माझ्या गोष्टीत करतात," मी म्हणाले.

मग घरी फोन लावला आणि तो परिच्छेद आबांना वाचून दाखवला. चाचा तिथंच होते. पलीकडून बैलाची घुंगरं ऐकू आली. मग आबांचा आवाज, माझ्याशी नव्हे, चाचांशी. "आरं हात नीट धर की. अंगठा मागं घ्यायचा म्हणली ती." दोघं करून बघत होते.

"पोरी," शेवटी चाचा म्हणाले, "ह्या नेमानं बाजार केला तर दिस मावळंपतूर येक शेळी खपायची न्हाई."

"म्हंजी चालंल का?"

"ह्ये आपलं न्हाई," आबा म्हणाले. "छाप."

मॅडमना परिच्छेद फार आवडला. "आता कसं," त्या फोनवर म्हणाल्या, "आता ते अस्सल वाटतं." मी थँक्यू म्हणाले.

पुस्तक आलं. अनुक्रमणिकेत माझं नाव शेवटून दुसरं होतं. मला ते अजिबात कमी वाटलं नाही. प्रयोगशाळेत टेबलावर पुस्तक असं ठेवलं की येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलंच पाहिजे, आणि कुणी विचारलं नाही तर मीच सांगत होते. सांगलीत नदीकडच्या बाजूला एका वाचनालयाच्या सभागृहात छोटा कार्यक्रम ठरला. आम्ही तिघं लेखक, मॅडम आणि समोर पन्नासेक खुर्च्या. आबा आणि चाचा सकाळच्या एसटीनं आले आणि तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसले. माझ्या गोष्टीतला काही भाग मी वाचला. टाळ्या वाजल्या. मग मॅडम म्हणाल्या, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

एक निवृत्त प्राध्यापक उठले. माणूस सभ्य होता, बोलणंही सभ्य होतं. "कल्पना उत्तम आहे," ते म्हणाले. "पण एक गोष्ट खटकली. आमचं घर हळदीच्या पेठेतलं. हळदीचे सौदे रुमालाखाली होताना मी लहानपणी पाहिलेत. या करपल्लवीचा, म्हणजे बोटांच्या भाषेचा, जो नियम लेखिकेनं दिलाय, तो साफ चुकीचा आहे. परग्रहावरचं काहीही लिहा, तुम्हाला मोकळीक आहे. पण पायाखालच्या जमिनीवरचं तरी खरं असावं. आजच्या शिकलेल्या मुलांनी बाजार पाहिलेला नसतो. इंटरनेटवर वाचून लिहितात. मग असं होतं."

समोरच्या दोन-तीन माना हलल्या. मॅडम माझ्याकडं बघत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. बाजार पाहिला नाही म्हणे. ज्या घरात मी वाढले तिथं पाहुणे आधी बैलाची खुशाली विचारायचे, मग माणसांची. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडाशी आलंही होतं. आबा जमिनीकडं बघत होते.

प्राध्यापक अजून उभेच होते. "खरा नियम तसा सोपा आहे," ते म्हणाले. "मी दाखवतो. जरा हात द्या." त्यांनी शेजारच्या बाईंचा हात मागितला आणि आपला उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर केला. बाही सारली. चाचा खुर्चीवरून अर्धवट उठले. आबांनी मान वर केली आणि त्या हाताकडं बघायला लागले. समोर कुणीतरी मोबाईलवर शूटिंग घेत होतं.

मी माईक ओढला. "सर, एक मिनिट. तुमचं बरोबर आहे. मला खरा नियम माहीत नाही."

आपण हे बोललो हे माझं मलाच ऐकू आलं.

"गोष्टीतला नियम मी मनानं रचलाय," मी म्हणाले, "आणि त्या गोष्टीपुरता तोच आहे. तुम्ही इथं खरा दाखवलात तर यांना माझा खोटा वाटणार. यांतल्या निम्म्यांनी अजून पुस्तक घेतलेलं नाही. तेवढी विक्री होऊ द्या."

लोक हसले. प्राध्यापकही हसले. त्यांचा हात खाली आला. "ठीक आहे," बसता बसता ते म्हणाले. "पण अभ्यास वाढवा."

"वाढवते, सर," मी म्हणाले.

'अभ्यास वाढवा.' रॉकेलच्या चिमणीपुढं नाही, चांगल्या विजेच्या दिव्याखालीच मी अभ्यास केला, उगाच कशाला सांगू. पण आमच्या घरात अभ्यास हा शब्द आणला तो मी. आणि तोच शब्द माईकसमोर, आबांच्या देखत, मी चुपचाप पदरात घेतला होता.

बाहेर आल्यावर गाड्यावर चहा घेतला, भडंग घेतलं. चाचांचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता.

"त्या मास्तरानं हात वर केला तवा मी खुर्चीच सोडली," ते म्हणाले. "मी म्हनलं, आता हितंच बाजार भरतोय."

"त्येची काय चूक न्हाई," आबा म्हणाले. "त्येनं पेठेत बघितल्यालं सांगत हुता बिचारा." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला वाईट वाटलं."

"वाटलं."

"मग बोलायचं हुतंस."

"काय बोलायचं हुतं?"

आबांनी भडंगाची पुडी पुढं केली. "तिखट हाय," ते म्हणाले. आम्ही खाल्लं. एसटी लागली तेव्हा ते खिडकीशी बसले आणि पुस्तक त्यांनी टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवलं, कारण पिशवीत केळी होती.

मधे मॅडमचा निरोप आला. संग्रहाची दुसरी आवृत्ती काढतोय, त्या सरांनी मदत करायची तयारी दाखवलीय, तो परिच्छेद दुरुस्त करू या का? मी लिहिलं, नको, आहे तसाच राहू द्या. त्यांनी राहू दिला. पण मी हट्टी आहे असं त्यांचं मत झालं असणार, आणि ते बरोबरच आहे.

आणखी एक झालं. एका कॉलेजच्या मुलीचा फोन आला. आठवडी बाजारांवर ती प्रकल्प लिहीत होती आणि माझ्या गोष्टीतला नियम तिला त्यात घ्यायचा होता. मी म्हणाले, तो घेऊ नकोस, तो रचलेला आहे. मग खरा कुठं मिळेल, तिनं विचारलं. बाजारात जा, म्हणाले. तिथं कुणाला विचारू? बघ कुणी भेटतं का, म्हणाले. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ हातातलं काम सुचेना. माझं पोटच मोजून नोंद ठेवण्यावर चालतं. जे लिहिलं नाही ते गेलं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. आबा आणि चाचा गेले की तो नियम जाईल. मला येतो, पण मी तो कुणाचा हात धरून वापरणार? आणि छापलेला म्हणून जो मागं राहील तो वांग्यांच्या सौद्यावर तपासलेला. आबांचं चुकतंय असं मला आजही वाटतं. आणि आजही कुणी मॅडमसारखी अट घातली तर मी तेच करीन. इथंसुद्धा मी खरा नियम लिहिलेला नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल.

परवाच्या जत्रेला आबा म्हणाले, "चल बाजारात." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाजारात बायका अगदी नसतात असं नाही, पण दलालाची मुलगी दावणीशी उभी राहिलेली मी तरी पाहिली नव्हती. मी गेले. आबा एकेकापुढं मला नेऊन उभं करत होते.

"ही आमची पोरगी. सांगलीत आसती. गोष्टी लिवती, पुस्तक आलंय तिचं." आणि मग, प्रत्येकाला, अगदी न चुकता, "बाजारातलं तिला कायबी कळत न्हाई. बोटांचं तर पार चुकीचं लिवलंय. सांगलीच्या एका मास्तरानं सभेत उठून सांगितलं."

हे सांगताना त्यांची छाती फुगलेली मी पहिल्यांदा पाहिली. पदवीच्या वेळेससुद्धा ती एवढी फुगली नव्हती. माणसं मान डोलवत होती. "शिकल्याल्यास्नी काय कळणार ह्यातलं," एकजण समजूत घालावी तसं म्हणाला. दुसरा म्हणाला, "ताई, सात बोटाचं गिऱ्हाईक आलं तर माज्याकडं धाडा, लय दिस झालं खिलार पडून हाय."

मी ऐकून घेत होते. सोपं नव्हतं. माझ्यासारखीला, जिथं तिथं 'मला माहीत आहे' म्हणत आलेली, बाजारभर अडाणी म्हणून मिरवून घेणं हे अंगावर काटे घेऊन चालण्यासारखं होतं.

दुपारी एका जोडीतल्या बैलाचा सौदा लागला. आबांनी टॉवेल टाकला. चाचा तोंडानं पावसाला शिव्या देत होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. टॉवेल हलला, थांबला, पुन्हा एकदा हलला. आबांचं मनगट ज्या बाजूला कललं त्यावरून मला आकडा कळला. विकणाऱ्याचा चेहरा बघितला, त्याला तो पुरेसा होता असं वाटलं. टॉवेल निघाला आणि आबांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली.

मघाशी सात बोटांच्या गिऱ्हाइकाची थट्टा करणारा तो माणूस माझ्या शेजारी आला. "कितीला गेला आसंल वो, ताई?" डोळे बारीक करून त्यानं विचारलं. भोवतीचे चारजण वळून बघायला लागले. आबा दाव्याची गाठ सोडत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

"मला काय म्हाईत," मी म्हणाले.

तो हसला, बाकीचेही हसले. आबांनी दावं नव्या मालकाच्या हातात दिलं, आणि बैल त्याच्या मागं चालू लागला.